डिस्क जुनी, पडदा रुंद: वायर जुळल्यानंतरचं अर्धं काम

पेडण्यापासून फोंड्यापर्यंत गोव्यातल्या कितीतरी मराठी घरांच्या कपाटांत अजून डिस्क ठेवलेल्या असतात. मुंजीची, लग्नाची, चवथीतल्या घुमट आरत्यांची, गावच्या जत्रेत झालेल्या नाटकाची. दुकानातून आणलेला सिनेमा आज मोबाइलवरही सापडतो. देवळासमोरच्या मांडवात गावकऱ्यांनी उभं केलेलं संगीत नाटक मात्र त्या एका डिस्कवरच असतं, आणि त्यात काम केलेली कितीतरी माणसं आता हयात नसतात. म्हणून नवा टीव्ही घेतल्यावर जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. तो नव्या टीव्हीला जोडता येतो. जवळजवळ नेहमीच.

जोडताना प्रश्न दोन असतात. वायर कुठे लावायची हा पहिला, आणि तो सगळेच विचारतात. पडद्यावर आलेलं चित्र योग्य आकारात आहे का हा दुसरा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. चित्र आलं, आवाज आला की काम झालं असं धरून घर तिथेच थांबतं. मग त्याच डिस्कवरची आजी तिसऱ्या हिश्शाने रुंद झालेली दिसत राहते आणि सगळ्यांना तेच सवयीचं होतं. खरं सांगायचं तर वायरीचं काम दहा मिनिटांचं आहे. आकाराचं काम त्याहून महत्त्वाचं, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

आधी पाठीमागे बघा

प्लेअर आणि टीव्ही दोन्ही बंद करून दोघांच्या पाठी बघा. प्लेअरच्या मागे एचडीएमआयचं चपटं सॉकेट असेल तर एक एचडीएमआय केबल लावायची. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात. २००२ च्या शेवटी एचडीएमआयचा पहिला आराखडा आला आणि पुढच्या काही वर्षांत ते सॉकेट डीव्हीडी प्लेअरमध्येही दिसू लागलं, त्यामुळे तुमचा प्लेअर फार जुना नसेल तर ते असण्याची शक्यता बरीच आहे.

नसेल तर पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन पिनांची वायर. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्यातून डावीकडचा आवाज, लालमधून उजवीकडचा. टीव्हीच्या मागे हेच तीन रंग असतील तर रंगाला रंग लावायचा.

खरी अडचण इथून पुढे. नव्या टीव्हींना पिवळं सॉकेट बऱ्याचदा नसतं. म्हणून दुकानातला माणूस ‘चालणार नाही’ म्हणून मोकळा होतो. पण जरा वाकून नीट बघा. काही टीव्हींवर हिरव्या सॉकेटच्या बाजूला ‘वाय’ या इंग्रजी अक्षरासोबत ‘व्हिडिओ’ किंवा ‘एव्ही’ असंही लिहिलेलं असतं. ते सॉकेट दोन कामांचं आहे. पिवळी पिन त्या हिरव्या सॉकेटमध्ये बसवायची, पांढरी आणि लाल आपापल्या जागी, आणि टीव्हीच्या ‘सोर्स’ यादीतून ‘एव्ही’ निवडायचं. तिथे चुकून ‘कॉम्पोनंट’ निवडलं गेलं तर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा नुसतं लटपटतं. लोक ते पाहून प्लेअर बिघडला असं समजतात. बिघडलेलं काहीही नसतं.

दुसऱ्या काही टीव्हींवर हेडफोनच्या सॉकेटसारखं एक बारीक गोल भोक असतं आणि बाजूला ‘एव्ही इन’ लिहिलेलं असतं. त्यासाठी एक छोटी वायर लागते: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल सॉकेटं. ती बऱ्याचदा टीव्हीच्या खोक्यातच येते आणि खोक्याबरोबर फेकली जाते. बाहेरून घ्यायची झाली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या बारीक पिनेवर चार कडी असतात आणि कुठल्या कड्यावर काय जातं याचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. दिसायला हुबेहूब अशी वायर लावूनही चित्र न येता स्पीकरमधून घरघर ऐकू येत असेल तर प्लेअरकडच्या पिना आलटूनपालटून बघा. पिवळी लालच्या जागी, लाल पिवळ्याच्या. या अदलाबदलीने टीव्हीचं काही बिघडत नाही. सगळे क्रम लावूनही चित्र आलं नाही तर त्या वायरीचं अर्थिंगचं कडं वेगळ्या जागी आहे, आणि त्या टीव्हीच्या मॉडेलचं नाव सांगून दुसरी वायर घ्यावी लागेल.

आणि काही नव्या टीव्हींना यातलं काहीच नसतं, फक्त एचडीएमआय. मग मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. म्हापसा, पणजी, मडगाव, कुठल्याही शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो. पण मागताना दिशा स्पष्ट सांगा: ‘एव्हीमधून एचडीएमआयमध्ये’. उलट्या दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो, त्याच्या अंगावरची दोन नावं फक्त उलट क्रमाने लिहिलेली असतात, आणि तो आपल्या कामाला अजिबात येत नाही. या डबीला स्वतःची वीजही लागते. बाजूच्या यूएसबी सॉकेटमधून ती द्यायची. टीव्हीच्या यूएसबीतून चालते, नाहीतर मोबाइलच्या चार्जरवरून.

इथे एक उपाय लोकांना हमखास सुचतो, तो सांगून टाकतो. लॅपटॉपला लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत लावला तर? नाही चालत. टीव्हीला पेनड्राइव्ह वाचता येतो, डीव्हीडीचा ड्राइव्ह चालवणं बहुतेक टीव्हींना येत नाही.

पाच वायरींचा पर्याय

बऱ्याच जुन्या प्लेअरच्या मागे हिरवं, निळं आणि लाल अशी आणखी तीन सॉकेटं असतात. ही कॉम्पोनंटची. टीव्हीलाही ती असतील तर पिवळी वायर सोडून द्या आणि ही लावा, कारण फरक डोळ्यांना दिसतो.

कारण असं. पिवळ्या वायरीत चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग एकाच तारेतून, एकमेकांत मिसळून पाठवलेले असतात. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत रंग सुमारे ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर बसवतात, आणि चित्रातला बारीक तपशीलही त्याच पट्ट्यात येतो. टीव्हीला पुढे ते दोन वेगळे करावे लागतात आणि ते पूर्ण वेगळे कधीच होत नाहीत. म्हणून बारीक रेघांच्या साडीवर नसलेले रंग चमकतात आणि लाल शालूच्या कडेला मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकत राहतात. कॉम्पोनंटमध्ये उजेड हिरव्या वायरीतून आणि रंगाचे दोन भाग निळ्या-लालमधून स्वतंत्र जातात. मिसळलंच नाही, तर वेगळं करण्याचा प्रश्न येत नाही.

लावताना काळजी एवढीच की आता लाल पिना दोन झाल्या, एक चित्राची आणि एक आवाजाची. चित्र काळं-पांढरं आलं तर निळी-लाल पिन बसलेली नाही. माणसांचे चेहरे निळसर दिसले तर निळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्यात.

या प्लेअरमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ किंवा ‘पी-स्कॅन’ नावाची एक सेटिंग असते. डीव्हीडीवरचं चित्र बहुधा दोन हप्त्यांत येतं, आधी विषम ओळी आणि मग सम ओळी. प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्लेअरने त्या जुळवून पूर्ण चित्र एकदम पाठवायचं. हे काम कॉम्पोनंट आणि एचडीएमआयवरूनच होतं, पिवळ्या वायरीवरून होत नाही. म्हणून पिवळी वायर लावलेली असताना मुलांनी रिमोटशी खेळता खेळता ही सेटिंग चालू केली तर पडदा काळा होतो किंवा चित्र फाटून दिसतं. मेनूच दिसत नाही, तर तो बंद कसा करणार? रिमोटवर ‘व्ही-मोड’ किंवा ‘प्रोग्रेसिव्ह’ असं बटण शोधा, डिस्क बाहेर काढा आणि थोडं थांबून ते एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबण्याबरोबर प्लेअर वेगळ्या मार्गाने चित्र पाठवतो; आपला मार्ग आला की चित्र परत येतं. ‘अचानक मेलेले’ कितीतरी प्लेअर या एका बटणाने जिवंत होतात.

डिस्कच चालत नाही, तेव्हा

वायर बरोबर असूनही एखादीच डिस्क अडत असेल तर कारण डिस्कवरच असू शकतं. डीव्हीडीच्या बाबतीत जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्या विभागात येतो; पोर्तुगाल आणि आखाती देश दुसऱ्या. लिस्बनच्या नातेवाइकांनी पाठवलेली किंवा दुबईहून आणलेली सिनेमाची डीव्हीडी इथल्या प्लेअरने नाकारली तर टीव्हीला बोल लावू नका. लग्नाच्या, नाटकाच्या घरगुती डिस्कना असं कुलूप नसतं.

अमेरिकेतून आलेली डिस्क एनटीएससी पद्धतीची असते. आपल्या पॅल डीव्हीडीत चित्राच्या ५७६ ओळी, तिच्यात ४८०. चित्र वरखाली पळत असेल किंवा रंग गायब असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ ही सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा.

आता आकार

जुना टीव्ही ४:३ आकाराचा होता, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन. नवा १६:९. हा आकडा कुणी सहज निवडलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या केर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने त्या वेळी चालणाऱ्या सिनेमाच्या आणि टीव्हीच्या निरनिराळ्या आकारांचे, पण सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले. सगळ्यांना सामावणारी बाहेरची चौकट आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला भाग, दोन्हींचं प्रमाण जवळपास १.७७ निघालं. तेच १६:९. म्हणजे हा आकार कुठल्याच एका चित्राचा नाही, तो सगळ्यांशी तडजोड करणारा आहे. त्यामुळे आपल्या टीव्हीवर कुठली ना कुठली चित्रं पट्टे घेऊनच येणार. जुनी चित्रं डावी-उजवीकडे काळे पट्टे घेऊन, रुंद पडद्याचे सिनेमे वर-खाली काळे पट्टे घेऊन.

आणि पट्टे दिसले की लोकांना वाटतं, पडदा वाया गेला. म्हणून ते रिमोटवरचं बटण दाबून चित्र कडेपर्यंत ताणतात.

हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. नवरी बसकी दिसते, नाटकातला राजा बुटका होतो, घुमटाचं गोल तोंड अंड्यासारखं लांबोळं दिसतं. जी माणसं पाहण्यासाठी ही सगळी खटपट करायची, त्यांचाच चेहरा आपण बदलून टाकतो. ‘झूम’ केलं तर चेहरा बरोबर राहतो, पण चित्राची उंची पाव भागाने कापली जाते. कॅमेरा लावणाऱ्याने रंगमंच पूर्ण बसेल अशी चौकट धरलेली असते. कापल्यावर वरचा पडदा जातो आणि खाली नटांची पावलं जातात.

वाया किती जातं ते एकदा मोजून पाहू. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. त्यात ४:३ चं चित्र योग्य आकारात बसवलं तर ते ७१ सेंटिमीटर रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटरचे पट्टे राहतात. त्या चित्राचा कर्ण भरतो ३५ इंच. जुना टीव्ही २१ इंची होता ना? म्हणजे पट्ट्यांसकटही तेच नाटक क्षेत्रफळाने जवळजवळ पावणेतीन पट मोठं दिसतंय. वाया काहीच गेलेलं नाही.

२००४ पासून इफ्फी गोव्यात भरतो. तिथे जुना सिनेमा चांगल्या थिएटरात पाहिला असेल तर आठवून बघा, चित्राचा आकार बदलला की पडद्याच्या दोन्ही बाजूंनी काळी कापडं पुढे सरकतात. टीव्हीवरचे काळे पट्टे म्हणजे तीच कापडं. पट्ट्यांनी पडदा खराब होईल ही भीती प्लाझ्मा टीव्हीच्या काळातली; आजच्या एलईडी टीव्हीला त्याने काही होत नाही. ओएलईडी असेल तर तासन्‌तास रोज तेच लावू नका, एवढंच.

डिस्कच्या आत काय असतं

सेटिंग का चुकते ते समजायला डिस्कच्या आत डोकवायला हवं. पॅल डीव्हीडीवरच्या प्रत्येक चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. मजा अशी की ४:३ ची डिस्क असो वा १६:९ ची, ठिपके तेवढेच. रुंद सिनेमाचं चित्र त्याच ७२० ठिपक्यांत बाजूंनी दाबून बसवलेलं असतं आणि डिस्कवर एक खूण केलेली असते: ‘हे दाखवताना रुंद कर.’ खूण प्लेअर वाचतो. टीव्हीला वायरीतून येतं ते नुसतं चित्र. पॅल सिग्नलच्या २३ व्या ओळीत ती खूण पुढे पाठवण्याची सोय आहे, पण सगळे प्लेअर ती पाठवत नाहीत. म्हणून टीव्हीवरचं ‘ऑटो’ कधी बरोबर ठरतं, कधी नाही.

आता प्लेअरला सांगावं लागतं की समोर कुठल्या आकाराचा टीव्ही आहे. सेटअप मेनूत ‘टीव्ही टाइप’, ‘टीव्ही शेप’ किंवा ‘टीव्ही डिस्प्ले’ अशा नावाखाली तीन पर्याय असतात: ४:३ पॅन अँड स्कॅन (रुंद चित्राच्या बाजू कापून पडदा भरणं), ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळे पट्टे ठेवणं) आणि १६:९ वाइड. जुन्या टीव्हीच्या काळात कुणीतरी पहिल्या दोनांपैकी एक निवडलेला असतो आणि नवा टीव्ही आला तरी तो तसाच राहतो. लेटरबॉक्स राहिलं तर प्लेअर रुंद सिनेमाच्या ५७६ ओळी आवळून ४३२ करतो आणि वर-खाली काळं भरतो. टीव्ही ते ४:३ समजून बाजूंनीही काळं भरतो. चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेलं लहान चित्र दिसतं, आणि झूम करून ते मोठं केलं तरी गेलेल्या ओळी परत येत नाहीत.

म्हणून प्लेअरवर नेहमी १६:९ वाइड ठेवा. नेहमी. डिस्क ४:३ ची असली तरी. ही सेटिंग डिस्क चालू असताना बऱ्याच प्लेअरवर उघडतच नाही, राखाडी दिसते; डिस्क पूर्ण थांबवा किंवा बाहेर काढा, मग उघडेल.

बाकीचं टीव्हीच्या रिमोटवर. ‘पिक्चर साइझ’, ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ किंवा ‘स्क्रीन’ असं काहीतरी नाव असेल. जुन्या लग्नाला, जत्रेतल्या नाटकाला ४:३. सिनेमाच्या डीव्हीडीला १६:९ किंवा वाइड. हिंदी सिनेमाच्या काही जुन्या डीव्हीडी मात्र वर-खालच्या काळ्या पट्ट्यांसकट ४:३ मध्येच बनवलेल्या असतात. प्लेअर बरोबर लावूनही चित्र चारही बाजूंनी काळ्यात दिसलं तर ती तशी डिस्क आहे, आणि तिथे टीव्हीचं झूम वापरणं योग्यच. वर-खाली कापलं जातं ते काळंच असतं. व्हीसीडीचं उत्तर सोपं, ती कायम ४:३.

एक उलटी तऱ्हाही भेटते. काही स्टुडिओंनी रुंद कॅमेऱ्याने चित्रण केलं, पण डिस्क बनवताना खूण ४:३ ची राहिली. त्या डिस्कवर माणसं उभट आणि बारीक दिसतात. तिथे टीव्ही वाइडवर न्या, ती पूर्ववत होतील.

डोळ्यांवर विश्वास बसत नसेल तर मोजपट्टी घ्या. चित्रात कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेली गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ, पखवाजाची पुडी, काहीही. तिथे डिस्क थांबवा आणि पडद्यावर तिची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी भरली की आकार बरोबर. याहून भरवशाची परीक्षा मला माहीत नाही.

एचडीएमआय असलेल्या प्लेअरमध्ये एक अडचण आहे. प्लेअरचं रेझोल्यूशन, म्हणजे तो पाठवत असलेल्या चित्राच्या ओळींची संख्या, १०८० वर ठेवलं तर काही प्लेअर ४:३ चं चित्र स्वतःच ताणून १६:९ करून पाठवतात. टीव्हीला ते मूळ रुंदच वाटतं. अशा वेळी प्लेअरवर रेझोल्यूशन ‘५७६ पी’ करा. मग आकार ठरवणं टीव्हीच्या हाती येतं आणि ४:३ चं बटण काम करतं. मी स्वतः घरगुती डिस्कसाठी ५७६ पीच पसंत करतो, कारण चित्र मोठं करण्याचं कामही नवा टीव्ही बहुधा जुन्या प्लेअरपेक्षा बरं करतो. मध्ये कन्व्हर्टर असेल तर तो बहुतेक सगळंच रुंद करून पाठवतो. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआयसाठी ४:३ निवडता येतं का ते बघा. बऱ्याच टीव्हींवर येतं.

अस्पष्ट का दिसतं

आकार जमला की पुढची तक्रार ठरलेली: जुन्या टीव्हीवर याहून स्वच्छ दिसायचं. तक्रार खोटी नाही. डीव्हीडीच्या एका चित्रात ४,१४,७२० ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६००, म्हणजे बरोबर पाच पट. फोरके पडद्यावर ८२,९४,४००, बरोबर वीस पट. म्हणजे पडद्यावरच्या वीस ठिपक्यांपैकी एकच डिस्कवरून येतो आणि एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. व्हीसीडी तर ३५२ बाय २८८, डीव्हीडीच्या पाव भागाएवढीच. नसलेला तपशील कुठलीही महाग केबल आणून देत नाही, म्हणून तशा केबलवर पैसे घालू नका.

करता येण्यासारखं हे: टीव्हीची ‘शार्पनेस’ कमी करा, अगदी तळाशी नेऊन मग थोडी वाढवा. जास्त शार्पनेसमुळे तपशील वाढत नाही, चेहऱ्यांभोवती पांढऱ्या रेघा मात्र उठतात. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा; लग्नातले लाल-पिवळे रंग भडक होऊन सांडायचे थांबतात. हालचाल मऊ करणारी सेटिंग बंद करा, तिच्यामुळे फुगडीत घुमणारे हात तुटक दिसतात. आणि बसायचं अंतर थोडं वाढवा.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तळाची अक्षरं अर्धी दिसत असतील तर ते ओव्हरस्कॅन. जुने टीव्ही चित्राची कड पडद्याच्या चौकटीआड लपवायचे, ती सवय नव्या टीव्हींमध्येही राहिली आहे. ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ चालू केलं की पूर्ण चित्र येतं.

संवाद ऐकू येत नाहीत

पार्श्वसंगीत दणदणीत आणि बोलणं पुटपुटल्यासारखं, ही तक्रार सिनेमाच्या डीव्हीडीवर येते. त्यात आवाजाचे सहा मार्ग असतात आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरच्या मार्गावर. प्लेअर ५.१ वर लावलेला असेल आणि टीव्हीला पांढरी-लाल अशा दोनच पिना गेल्या असतील, तर मधला मार्ग कुठेच पोहोचत नाही. ऑडिओ सेटअपमध्ये ‘डाउनमिक्स’ शोधून ‘स्टिरिओ’ करा. एचडीएमआयवर आवाज अजिबातच येत नसेल तर डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर न्या.

शब्द आधी आणि ओठ नंतर असं होत असेल तर टीव्ही चित्रावर काम करण्यात वेळ घालवतोय. ‘गेम’ मोडमध्ये हे काम कमी होतं आणि मेळ बसतो.

आपल्या हवेचं काय

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पिना आणि सॉकेटं काळवंडतात, कधी हिरवी पडतात. चित्र मध्येच लुकलुकतं, एका बाजूचा आवाज जातो. पिन बसवून दोन-तीनदा गोल फिरवली तरी बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पुसा, पूर्ण वाळू द्या. पावसाळाभर बंद राहिलेल्या प्लेअरचा ट्रे उघडत नसेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. साधा दुरुस्तीवाला तो बदलून देतो. मृगाआधीच्या गडगडाटात मात्र प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

डिस्क पुसताना मऊ सुती कापड मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ न्यायचं. गोल फिरवायचं नाही. डिस्कवरची माहिती गोल गोल वाटेवर लिहिलेली असते. वाटेला आडवा गेलेला ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, वाटेच्या बाजूने गेलेला ओरखडा सलग मोठा तुकडा खातो.

स्टुडिओने घरी दिलेली डिस्क बहुधा डीव्हीडी-आर असते. तिच्यात लेझरने रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेलं असतं, आणि तो थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होत जातो. म्हणून प्लेअर जोडून डिस्क दिसू लागली की त्याच आठवड्यात तिची प्रत करा. टीव्हीसमोर मोबाइल धरून चित्रण करू नका, ते फार वाईट येतं. यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह इथे उपयोगी पडतो: तो लॅपटॉपला लावा, डिस्कवरचा ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्या. प्रत मूळ डिस्कइतकीच चांगली असते. साधी एकपदरी डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंतची, तेव्हा एका मोठ्या पेनड्राइव्हवर घरातल्या बऱ्याच डिस्क मावतील. तरी दोन वेगळ्या जागी ठेवा, एक मुलांकडे, एक आपल्याकडे.

त्या फोल्डरमधल्या फाइली टीव्हीने थेट वाचल्या तर ठीक. नाही वाचल्या तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने एमपी४ करून घ्या. तो काळ्या कडा आपणहून कापतो, ती सेटिंग बंद करून चारही बाजूंना शून्य ठेवा. ओळींची संख्या ५७६ च ठेवा, १०८० करून फाइल फुगवण्यात काही फायदा नाही. आणि फाइल तयार झाली की पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पुन्हा तेच घड्याळ, तीच पखवाजाची पुडी मोजा. ४:३ ची खूण रूपांतरात हरवली असेल तर ती इथेच कळेल, आणि मूळ फोल्डर हाताशी असल्यामुळे पुन्हा करता येईल.